‘तू कॉम्प्युटरला आहेस ना?’

जुलैमधली शनिवारची संध्याकाळ. बाहेर धो-धो पाऊस, तासभर लाइट गेलेली. ती आली आणि पाचच मिनिटांत खालच्या काकूंचा फोन. ‘‘अगं, जरा खाली येतेस का? कॉम्प्युटर चालूच होईना. तू कॉम्प्युटरला आहेस ना?’’

इंजिनीअरिंगच्या कॉम्प्युटर ब्रँचला, बीसीएसला किंवा बीसीएला असलेल्या प्रत्येकाने हा प्रश्न ऐकलेला असतो. प्रिंटर अडकला, वायफाय गेलं, मोबाइलवर नको त्या जाहिराती यायला लागल्या की बिल्डिंगमधून आपल्याला बोलावणं येतं. त्यावर आपण ग्रुपवर मीम्स टाकतो. ‘काकू, आम्ही सॉफ्टवेअर शिकतो, हार्डवेअर नाही’ हे आपलं ठरलेलं उत्तर. मीही तेच म्हणणार होते. पण काकूंचा आवाज नेहमीचा नव्हता.

काकू डीटीपी करतात. नारायण पेठेतल्या आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर एक टेबल, एक प्रिंटर आणि दहा वर्षांचा जुना डेस्कटॉप, एवढंच त्यांचं ऑफिस. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल आणि मुख्य म्हणजे पीएचडीचे प्रबंध. सगळं मराठी टायपिंग श्रीलिपीत. त्या दिवशी त्या मशीनमध्ये एका ताईचा तीनशे पानी प्रबंध होता आणि तो सोमवारी सकाळी बायंडिंगला जायचा होता. शेवटचा बॅकअप दिवाळीत घेतलेला. म्हणजे प्रबंध त्या एका डब्यातच होता, दुसरीकडे कुठेही नाही.

मी खाली गेले, बटण दाबलं. पंखा फिरला, पुढचा दिवा लागला, स्क्रीन काळाच. मग आपण सगळे जे करतो तेच मीही केलं. आठ-दहा वेळा बटण दाबलं, मागच्या सगळ्या वायरी एकदम हलवल्या, मॉनिटरवर एक थापही मारली. काकूंनी त्याआधीच दुकानात फोन लावला होता. तिथून उत्तर आलं होतं, ‘‘लाइट गेली होती ना? मग बोर्ड उडाला असणार. एवढा जुना बोर्ड आता मिळत नाही, नवीन मशीनच घ्यावं लागेल. सोमवारी आणून टाका.’’ मशीन न बघता केलेलं निदान!

मी थर्ड इयर कॉम्प्युटरला. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये चांगले मार्क, प्रोसेसरच्या आकृत्या पाठ. आणि त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की कॅबिनेटचं साइड पॅनल मी आयुष्यात कधी उघडलेलंच नाही. ते कुठल्या बाजूने उघडतं हेसुद्धा मला माहीत नव्हतं. लाज वाटली, अगदी खरी लाज.

म्हणून हा लेख. मला म्हणायचंय ते साधं आहे. बंद पडलेला डेस्कटॉप तपासता येणं हे कॉम्प्युटर शिकणाऱ्या प्रत्येकाला यायलाच हवं. पैसे वाचतात हा त्यातला छोटा फायदा. मोठा फायदा म्हणजे बिघाड शांतपणे कसा शोधायचा, ही सवय तिथे लागते.

‘मेकॅनिक’ला बोलावलं

आमच्या वर्गात डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला आलेला एक मुलगा आहे. मूळचा बार्शीचा. डिप्लोमावाल्यांना आपण कसं वागवतो ते सांगायला नको. मॅथ्समध्ये अडखळले की हसायचं आणि प्रॅक्टिकलला मात्र त्यांच्याच टेबलाभोवती गर्दी करायची. सुट्टीत तो गावाकडे एका दुकानात रिपेअरिंग करायचा, म्हणून आम्ही त्याला ‘मेकॅनिक’ म्हणायचो. त्यात कौतुक नव्हतं. त्या रात्री मात्र मी त्यालाच फोन केला. साडेआठला तो भिजत आला, खिशात एक स्टार स्क्रू ड्रायव्हर.

मला वाटलं, आल्या आल्या मशीन खोलेल. तो खुर्ची ओढून काकूंसमोर बसला.

‘‘काकू, शेवटचं कधी चालू होतं?’’

‘‘लाइट जाईपर्यंत चालू होतं रे.’’

‘‘आणि मग काय केलंत?’’

‘‘काही नाही. लाइट आल्यावर बटण दाबलं.’’

‘‘मधल्या वेळात काही हलवलं का? टेबल वगैरे?’’

काकू थांबल्या. खिडकीतून पाणी आत येत होतं, म्हणून त्यांनी अंधारातच सीपीयू टेबलाखालून ओढून दुसऱ्या भिंतीशी ठेवला होता. हे दुकानदाराने विचारलं नव्हतं आणि मीही नव्हतं.

मग त्याने मला विचारलं, ‘‘बटण दाबल्यावर सगळ्यात आधी काय होतं?’’ मी म्हटलं, ऑपरेटिंग सिस्टिम लोड होते. तो म्हणाला, ‘‘ते सगळ्यात शेवटी.’’

आणि खरंच, मधे केवढं तरी घडत असतं. आधी एसएमपीएस जागा होतो. भिंतीतल्या २३० व्होल्टच्या एसीपासून तो मशीनला लागणारा १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा डीसी बनवतो. पुरवठा नीट आहे असा इशारा त्याच्याकडून मदरबोर्डला मिळाला की प्रोसेसर बायोसमधल्या सूचना वाचायला लागतो. मग मशीन स्वतःचीच परीक्षा घेतं. तिला पोस्ट म्हणजे ‘पॉवर ऑन सेल्फ टेस्ट’ म्हणतात. प्रोसेसर आहे का, रॅम आहे का, ग्राफिक्स आहे का. त्यात पास झालं की स्क्रीनवर कंपनीचा लोगो दिसतो. त्यानंतर हार्ड डिस्क शोधली जाते आणि मग कुठे विंडोजचा नंबर लागतो.

म्हणजे ‘कॉम्प्युटर चालू होत नाही’ हा एक आजार नाही, निदान चार आहेत. गाडी कुठल्या स्टेशनवर थांबली ते बघितलं की कुठला ते कळतं.

काहीच होत नाही, दिवाही लागत नाही? मग गडबड विजेची. एक्स्टेंशन बोर्ड, पॉवर केबल, एसएमपीएसच्या पाठीवरचं छोटं काळं बटण बघा. त्याच सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून बघा. सीपीयू आणि मॉनिटरची पॉवर केबल बहुतेक वेळा सारखीच असते, ती अदलाबदल करून बघा.

पंखा फिरतोय पण स्क्रीन काळा? आधी मॉनिटर आणि त्याची केबल बघा. मशीनला वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्यालाच लावलेली हवी. मग संशय रॅमवर.

चालू होऊन काही सेकंदांत आपोआप बंद पडतं? प्रोसेसरवरचा पंखा फिरतोय का बघा. धुळीने बुजलेला असेल तर प्रोसेसर तापतो आणि मशीन स्वतःला वाचवायला बंद होतं. आत कुठे शॉर्ट असेल तरीही असंच होतं.

लोगो दिसतो पण पुढे विंडोज येत नाही? एखादा पेन ड्राइव्ह लावलेला राहिलाय का बघा. मशीन त्यावरून चालू व्हायचा प्रयत्न करत बसलेलं असू शकतं. तारीख-वेळ दर वेळी चुकत असेल तर बोर्डावरचा नाण्यासारखा सेल, सीआर २०३२, संपलाय. आणि हार्ड डिस्कमधून ‘टक-टक’ असा आवाज येत असेल तर तिथेच थांबा. पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका, आतला डेटा कायमचा जाऊ शकतो.

एका वेळी एकच

आमची केस दुसऱ्या प्रकारातली. त्याने काकूंचा मॉनिटर माझ्या लॅपटॉपला लावला. चालला. एका मिनिटात मॉनिटर आणि केबल दोन्ही संशयाबाहेर. मग सीपीयूची पॉवर केबल काढली, आत उरलेली वीज जावी म्हणून बटण पाच सेकंद दाबून धरलं, अंगातली स्टॅटिक वीज उतरावी म्हणून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला, आणि मागचे दोन स्क्रू काढून पॅनल सरकवलं. एवढंच होतं ते. तीन वर्षं मी ज्याला घाबरत होते ते दोन स्क्रूंचं काम होतं.

आत धुळीची गादी आणि चार-चार जीबीच्या दोन रॅम. मी लगेच म्हटलं, दोन्ही काढू, साफ करू, सगळ्या केबल पण काढून परत लावू. त्याने हात धरला. ‘‘एका वेळी एकच गोष्ट. दोन बदलल्या आणि चालू झालं, तर कशामुळे झालं ते कळणार नाही. आणि वही घे, लिहीत जा.’’

मी लिहीत गेले. दोन्ही रॅम काढल्या, केबल लावली, बटण दाबलं. लांब बीप. थांबून पुन्हा लांब बीप. मी घाबरले, तो खूश झाला. ‘‘रॅम नाही म्हणून बोर्ड ओरडतोय. म्हणजे बोर्ड जिवंत आहे.’’ बरोबर होतं. जो बोर्ड उडालाय तो तक्रार तरी कशी करेल? दुकानदाराचं निदान एका बीपने खोटं ठरलं. (नव्या बोर्डांवर बऱ्याचदा बीपऐवजी बारीक दिवे असतात. कुठला दिवा अडून राहिला यावरून तीच माहिती मिळते.)

पुन्हा केबल काढून पहिली रॅम एकटी लावली. स्क्रीन काळा. ती काढून त्याच जागी दुसरी लावली. एक छोटा बीप आणि लोगो आला! काकूंनी हात जोडले. मी पहिली रॅम उचलायला गेले, तर तो म्हणाला, ‘‘थांब. आधी प्रबंध पेन ड्राइव्हवर घे. मशीन चालू आहे तोवर. बाकीचं नंतर.’’

हे मला सुचलं नसतं. मला कोडं सोडवायचं होतं, त्याला काकूंचं काम वाचवायचं होतं. दोन्हींत फरक आहे.

कॉपी झाल्यावर पहिल्या रॅमच्या सोनेरी दातांवरून त्याने पेन्सिलचा खोडरबर हलक्या हाताने फिरवला, कण पुसून काढले आणि ती खट्ट आवाज येईपर्यंत बसवली. दोन्ही रॅमवर मशीन चालू झालं. इतक्या वर्षांत दातांवर काळपट थर चढला होता, आणि अंधारात सीपीयू ओढताना रॅम जागेवरून जराशी हलली होती. लाइट जाण्याचा काही संबंधच नव्हता. खर्च शून्य रुपये. काकूंनी रात्री दहाला थालीपीठं लावली, तो खर्च धरायचा तर धरा.

पुण्यात ही परंपरा आहे

आयटी पार्कच्या शहरात राहून आपल्याला वाटतं की रिपेअरिंग हे मार्क कमी पडलेल्यांचं काम. १९८८मध्ये इथे सी-डॅक सुरू झालं, १९९१मध्ये ‘परम ८०००’ हा सुपरकॉम्प्युटर झाला, हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगायलाच हवं. पण त्याच काळातली दुसरी गोष्ट आपण कमी सांगतो. कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागले. पुढे मंगळवार पेठेत त्यांनी स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं, आणि कॅल्क्युलेटरवरून कॉम्प्युटर दुरुस्तीकडे वळले. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दिसायची, व्हायरस. तेव्हा धाकटा भाऊ संजय कॉम्प्युटर सायन्स शिकत होता. व्हायरस काढायचे छोटे प्रोग्रॅम त्याने लिहायला सुरुवात केली. त्यातून उभं राहिलं ते ‘क्विक हील’. १९९५मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस ही कंपनी, २००७मध्ये नाव बदलून क्विक हील टेक्नॉलॉजीज आणि २०१६मध्ये शेअर बाजारात नोंदणी.

तो काळच बूट सेक्टर व्हायरसचा होता. ‘मायकेलअँजेलो’ नावाचा व्हायरस फ्लॉपीतून पसरायचा आणि ६ मार्चला मशीन चालू केलं की हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसायचा. १९९२मध्ये जगभर त्याची धास्ती होती. म्हणजे ‘कॉम्प्युटर चालू होत नाही’ या तक्रारीचं उत्तर कधी स्क्रू ड्रायव्हरमध्ये असतं, कधी कोडमध्ये. काटकर बंधूंकडे दोन्ही होतं. एकाला मशीन माहीत, दुसऱ्याला कोड. आपल्याकडे फक्त कोड आहे, आणि तोही बऱ्याचदा कॉपी-पेस्ट.

‘हे सगळं जुनं झालं, आता सगळं क्लाउडवर’ असं म्हणणाऱ्यांनी १९ जुलै २०२४ आठवावा. क्राउडस्ट्राइक या सायबर सिक्युरिटी कंपनीचा एक सदोष अपडेट गेला आणि जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर अडकली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. उपाय काय होता? मशीन सेफ मोडमध्ये चालू करायचं आणि एक ठरावीक फाइल डिलीट करायची. पण मशीन चालूच होत नसल्याने बऱ्याच ठिकाणी ते लांबून करता येईना. कुणीतरी एकेका मशीनसमोर जाऊन उभं राहावं लागलं. त्या दिवशी कुठल्याही कंपनीत सगळ्यात मोलाचा माणूस कोण असेल? ज्याला मशीन कुठल्या पायरीवर अडकलंय हे कळतं तो.

‘पण प्लेसमेंटला काय उपयोग?’

हा प्रश्न येणारच. माझं उत्तर असं. डीबगिंग म्हणजे दुसरं काय असतं? आधी विचारायचं, शेवटचं कधी चाललं होतं आणि मधे काय बदललं. मग संशयितांचे दोन भाग करायचे आणि एक भाग बाद करायचा. एका वेळी एकच बदल, तो लिहून ठेवायचा. आणि काहीही करायच्या आधी डेटा वाचवायचा. हे मला कोडिंगच्या कुठल्या व्हिडिओने इतकं नीट शिकवलं नाही. एरर आली की अख्खी ओळ एआयला चिकटवायची आणि जे येईल ते पेस्ट करायचं, ही माझी पद्धत म्हणजे आठ-दहा वेळा बटण दाबण्याचाच प्रकार होता.

दुसरा आक्षेप: मग दुकानदारांनी काय करायचं? त्यांच्या पोटावर पाय द्यायचा माझा अजिबात विचार नाही. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत एक चक्कर मारा. बारीक सोल्डरिंग करणारे, बोर्डावरचा एक पार्ट शोधून बदलणारे कारागीर जे करतात ते मला सात जन्मांत जमणार नाही. आपण फक्त पहिली पायरी स्वतः करायची. मग दुकानात जाऊन ‘चालत नाहीये’ एवढंच न सांगता ‘दुसऱ्या मॉनिटरवर बघितलं, रॅम एकेक करून बघितल्या, तरी डिस्प्ले नाही’ असं सांगायचं. चांगल्या कारागिराला असं गिऱ्हाईक आवडतं, आणि न बघता ‘बोर्ड उडाला’ म्हणणाऱ्याला ते नको असतं.

आणि मर्यादाही पाळायच्याच. एसएमपीएसचा डबा कधीही खोलायचा नाही. केबल काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज साठलेली असू शकते. जळका वास आला, धूर दिसला की हात मागे. वॉरंटीतल्या मशीनच्या अटी आधी वाचायच्या. ‘मला हे येत नाही’ हे वेळेवर कळणं हाही त्याच शिक्षणाचा भाग.

अजून एक कारण आहे आणि ते घाईचं आहे. आपल्यापैकी बहुतेकांकडे लॅपटॉप आहेत आणि आताच्या कित्येक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली असते. काढून, पुसून, परत लावायची सोयच नाही. एक चिप गेली की बोर्डच बदला. डेस्कटॉप हे खोलून शिकता येईल असं आपल्या हाती उरलेलं जवळपास शेवटचं मशीन आहे. केंद्र सरकारने जुलै २०२२मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केलं. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू झाले. पण दुरुस्तीचा हक्क मिळून उपयोग काय, जर पॅनल उघडायची आपलीच हिंमत नसेल? काकूंचं मशीन त्या सोमवारी भंगारात जाणार होतं. त्यात बिघडलेलं काहीच नव्हतं.

म्हणून कॉलेजांकडे एक मागणी. प्रत्येक कॉलेजात एक खोली असते, जिथे लॅबमधले जुने सीपीयू एकावर एक रचून ठेवलेले असतात. त्यातले दहा बाहेर काढा. चार जणांच्या गटाला एक मशीन, एक स्क्रू ड्रायव्हर, एक वही. दोन शनिवार द्या. शिकवायला बाहेरून कुणी आणू नका, डिप्लोमावाल्यांना शिकवू द्या. मार्क देऊ नका. चालू झालेली मशीन ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही अशा मुलांना, शाळांना द्या. उरलेली अधिकृत ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे.

सोमवारी प्रबंध बायंडिंगला गेला. काकू आता दर शुक्रवारी बॅकअप घेतात आणि मला ‘घेतला गं’ असा मेसेज करतात. आम्ही त्या मुलाला ‘मेकॅनिक’ म्हणणं बंद केलं. त्याने ते ओळखलं आणि म्हणाला, म्हणत जा की, त्यात काय वाईट आहे?

मी एक स्टार स्क्रू ड्रायव्हर घेतलाय. परवा तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचा फोन आला, ‘‘कॉम्प्युटर चालू होईना. तू कॉम्प्युटरला आहेस ना?’’

‘‘हो आजोबा, आलेच,’’ मी म्हटलं. ‘‘शेवटचं कधी चालू होतं?’’